पाच हजार डॉलरचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. जन्मात एकदाच करून पाहण्याच्या आणि पुन्हा त्या वाटेला न जाण्याच्या गोष्टी म्हणूनच ही जोडी लावली गेली असावी. अमेरिकेतला वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट याने मात्र दोन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा करून पाहिल्या. लग्ने त्याने तीन केली. ९१ वर्षांच्या आयुष्यात हजारावर वास्तूंचे आराखडे काढले आणि त्यांतल्या पाचशेवर प्रत्यक्ष उभ्या राहिल्या. पेनसिल्व्हेनियातले धबधब्यावर बांधलेले घर आणि न्यूयॉर्कचे शंखासारखे गोल फिरत जाणारे गुगनहाइम संग्रहालय या त्याच्या दोन वास्तू जगभर ठाऊक आहेत. मला सांगायचे आहे ते मात्र त्याच्या एका लहानशा घराविषयी. एका तरुण पत्रकाराने, बायको आणि लहान मुलगी यांच्यासाठी, मोजक्या पैशांत ते बांधून घेतले होते.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली आणि त्यांतली बरीचशी गृहकर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. त्यामुळे कोणाचेही चरित्र वाचताना माझी नजर आधी जमाखर्चाकडे जाते. राइटचा जमाखर्च पाहिला तर छाती दडपते. उंची कपडे, पुस्तके, जपानी चित्रे, मोटारी यांसाठी त्याच्या हाताशी नेहमी पैसे असत. वाण्याचे बिल मात्र थकलेले असे. हा गृहस्थ माझ्या टेबलासमोर अर्ज घेऊन बसला असता तर त्याची फाइल त्याच दिवशी परत गेली असती. आणि तरीही, बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाने घराचा नकाशा कसा आखावा, याचा विचार त्याच्याइतका सातत्याने करणारी माणसे त्या पिढीत थोडी होती. पाच हजार डॉलर हा एकच आकडा त्याच्या आयुष्यात तीन वेळा येतो. मी त्याच आकड्याचे बोट धरून ही गोष्ट सांगणार आहे.

लाकडी ठोकळे आणि पहिले कर्ज

राइटचा जन्म ८ जून १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या रिचलंड सेंटर या लहान गावी झाला. वडील धर्मोपदेशक आणि संगीताचे जाणकार. पण पैसा त्यांच्याकडे कधी टिकला नाही. आई अॅना शिक्षिका. तिचे माहेर म्हणजे वेल्समधून येऊन विस्कॉन्सिनच्या एका खोऱ्यात शेती करणारे मोठे खटले. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात या आईने फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची खेळणी पाहिली आणि ती मुलासाठी मिळवली. गोल, घन, नळकांडी अशा आकारांचे ते साधे लाकडी ठोकळे. चौकटी आखलेल्या टेबलावर ते मांडायचे, मोडायचे आणि पुन्हा मांडायचे. तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्या ठोकळ्यांचा स्पर्श बोटांतून कधी गेला नाही, असे तो म्हातारपणीही सांगत असे. साठ वर्षांनी त्याने त्या पत्रकाराचे घर आखले तेही अशाच चौकटींवर.

१८८५ साली आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि वडील घरातून गेले ते गेलेच. राइट काही काळ विद्यापीठात रमला, पण पदवी न घेताच १८८७ साली शिकागोला पोचला. आगीत बेचिराख झालेले ते शहर तेव्हा नव्याने उभे राहत होते. तिथे तो लुई सलिव्हन या नामवंत वास्तुविशारदाच्या कचेरीत लागला. १८८९ साली त्याने कॅथरिन टोबिन या अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले आणि घर बांधण्यासाठी मालकापुढेच हात पसरला. सलिव्हनने पाच वर्षांच्या कराराच्या बोलीवर पाच हजार डॉलर दिले. हे पहिले पाच हजार. त्यातून शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये घर उभे राहिले.

या घरात सहा मुले झाली. खर्च पगारात मावेना, म्हणून करारात मनाई असतानाही राइट रात्री चोरून बाहेरची कामे घेऊ लागला. १८९३ साली ते उघडकीला आले आणि नोकरी सुटली. तिथून त्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू झाला. पुढच्या पंधरा वर्षांत त्याने सखल, पसरट, मैदानाच्या आडव्या रेषेशी मिळतीजुळती अशी जी घरे बांधली, त्यांनी अमेरिकेतल्या घराचा चेहराच बदलला. पेटीत पेटी बसवावी तशा बंद खोल्यांऐवजी एकीतून दुसरीत वाहत जाणारी जागा त्याने दिली. पण ही घरे सुखवस्तू व्यापाऱ्यांची होती.

कागदावरची स्वस्ताई

स्वस्त घराचा विचारही तेव्हापासूनच त्याच्या डोक्यात होता. एप्रिल १९०७ मध्ये महिलांच्या एका अतिशय खपाच्या मासिकात त्याने पाच हजार डॉलरमध्ये होणाऱ्या, आग न लागणाऱ्या काँक्रीटच्या घराचा नकाशा छापला. हे दुसरे पाच हजार. त्यातली युक्ती कोणाही गवंड्याला पटावी अशी होती. घर चौरस आणि चारही बाजू सारख्या. काँक्रीट ओतायला लाकडी फर्मे लागतात आणि ओतकामातला मोठा खर्च त्या फर्म्यांचाच असतो. बाजू सारख्या असतील तर तेच फर्मे पुन्हा वापरता येतात. १९१५ ते १९१७ या काळात त्याने मिलवॉकीच्या एका बांधकाम व्यावसायिकाबरोबर दुसरा प्रयत्न केला. कारखान्यात मापाने कापलेले लाकूड जागेवर आणायचे आणि जोडायचे. यासाठी त्याने नऊशेवर रेखाटने केली. मिलवॉकीच्या बर्नहॅम स्ट्रीटवर अशी सहा घरे ओळीने उभी राहिली. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि ती योजना बारगळली.

या दोन प्रयत्नांच्या मधल्या काळात त्याचे स्वतःचे घर मोडले होते. १९०९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, बायको, सहा मुले आणि थकलेली बिले मागे ठेवून तो आपल्या एका अशिलाची पत्नी मेमा चेनी हिच्याबरोबर युरोपला निघून गेला. वडिलांनी जे त्याच्या बाबतीत केले तेच त्याने आपल्या मुलांच्या बाबतीत केले. परत आल्यावर, १९११ साली, आईच्या माहेरच्या खोऱ्यात त्याने टॅलिएसिन नावाचे घर बांधले. १५ ऑगस्ट १९१४ रोजी, तो शिकागोत कामावर असताना, घरातल्या एका नोकराने आग लावून आणि कुऱ्हाडीचे घाव घालून सात जणांचा जीव घेतला. त्यांत मेमा होती आणि तिची दोन्ही मुले होती. राइटने ते घर पुन्हा बांधले. १९२५ मध्ये विजेच्या तारांत झालेल्या बिघाडाने ते पुन्हा जळाले आणि त्याने ते तिसऱ्यांदा उभारले.

या उभारणीला लागलेला पैसा अर्थातच कर्जाऊ होता. हप्ते थकले आणि बँकेने टॅलिएसिन ताब्यात घेतले. १९२७ साली त्याने जिवापाड जपलेली जपानी चित्रे न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाली. तेव्हा त्याच्या मित्रांनी आणि जुन्या अशिलांनी मिळून एक कंपनी काढली. राइट पुढे जे कमावील त्यात भाग, अशा बोलीवर त्यांनी पैसे घातले. तारण म्हणून घर, सोने, पीक घेतल्याचे मी पाहिले आहे; साठीला टेकलेल्या माणसाची न झालेली कमाई तारण घेतल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पाठोपाठ १९२९ ची मंदी आली. कामे थांबली. १९३२ मध्ये त्याने तिसरी पत्नी ओल्गिव्हाना हिच्या साथीने टॅलिएसिनवर शिकाऊ मुलांची एक शाळा काढली. मुले फी भरत, शेतात राबत, स्वयंपाक करत आणि नकाशे काढत. लोकांनी त्याला इतिहासात जमा केले होते.

एका पत्रकाराची मागणी

१९३६ च्या उन्हाळ्यात मॅडिसन शहरातल्या एका दैनिकातले तरुण पत्रकार हर्बर्ट जेकब्स आणि त्यांच्या पत्नी कॅथरिन टॅलिएसिनला आले. मॅडिसनहून ते साठ-पासष्ट किलोमीटरवर. ओळखीच्या एका चित्रकाराने राइटला भेटण्याचे सुचवले होते. पगार बेताचा, मुलगी लहान. पाच हजार डॉलरमध्ये चांगले घर मिळेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. हे तिसरे पाच हजार.

राइटने आधी एक गोष्ट तपासून घेतली. यांना खरोखरच पाच हजारांचे घर हवे आहे, की दहा हजारांचे घर पाच हजारांत हवे आहे? गृहकर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला या प्रश्नाची किंमत कळते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांच्या मुळाशी हीच गफलत असे. लोक श्रीमंताच्या घराचा नकाशा मनात धरत आणि तो कात्रीने कापून लहान करत. मग दिवाणखाना छोटा, जेवणाची जागा त्याहून छोटी आणि स्वयंपाकघर इतके छोटे की दोघींना एकदम वळता येऊ नये. खोल्या सगळ्या असत, पण एकही पुरेशी नसे. राइटचे म्हणणे असे, की लहान घर म्हणजे मोठ्या घराची छोटी प्रत नव्हे. त्याचा विचार मुळापासून वेगळा करावा लागतो आणि त्याची सुरुवात काय घालायचे यापासून न करता काय गाळायचे यापासून करावी लागते.

त्याची गाळण्याची यादी लांबलचक होती. उतरते, दिसायला भारदस्त छप्पर नको, सपाट चालेल. गाडीला बंद खोली नको. दोन बाजूंनी आडोसा आणि वर छप्पर पुरे. घरभर पसरलेले तळघर नको. पाणी तापवणारी भट्टी मावेल एवढा खड्डा पुरे. माळा नको. जेवणाची वेगळी खोली नको. भिंतींना गिलावा, रंग, कागद काही नको. लाकूड आणि वीट आहे तशी दिसू दे. पन्हळी नकोत, झुंबरे नकोत, खिडकीखाली बसवायच्या लोखंडी शेगड्या नकोत. एकेक वस्तू गेली की तिच्यामागून एकेका कारागिराची मजुरीही जाते.

घरात एक फेरफटका

आता या घरात माझ्याबरोबर एक फेरी मारा. मॅडिसनच्या त्या रस्त्यावरून पाहिले तर घराने आपल्याकडे पाठ केली आहे असेच वाटते. विटांचा आणि आडव्या फळ्यांचा बुटका बांध, वर छपराखाली अरुंद खिडक्यांची पट्टी. गाडीच्या छपराशेजारून एका चिंचोळ्या, ठेंगण्या वाटेने आत शिरले, की एकदम मोठी खोली उघडते. तिची एक संपूर्ण बाजू काचेच्या दारांची आहे आणि दारांपलीकडे बाग आहे. रस्त्याची बाजू बंद आणि बागेची बाजू मोकळी, यामुळे लहान घर मोठे वाटते. बाग जणू खोलीचाच भाग होते.

घराचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा, म्हणजे काटकोनात वळलेला. एका हातात बसण्या-उठण्याची जागा, दुसऱ्या हातात निजण्याच्या दोन खोल्या आणि एक अभ्यासिका. पाहुणे रात्री गप्पा मारत बसले तरी निजलेल्या मुलीला त्रास नाही. दोन्ही हात जिथे मिळतात त्या कोपऱ्यात विटांचे भक्कम बांधकाम आहे आणि शेकोटी, स्वयंपाकघर व न्हाणीघर त्याच्या आधाराने एकत्र आणलेली आहेत. पाणी लागणाऱ्या जागा शेजारीशेजारी आल्याने नळाचे काम एकाच ठिकाणी आटोपले. नळकाम पसरले की खर्च पसरतो आणि पुढे गळतीही पसरते, हे आपल्याकडच्या कोणत्याही सोसायटीच्या चिटणिसाला विचारावे.

या नकाशात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्वयंपाकघराची जागा. त्या काळी अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांतून नोकरचाकर गेले होते. पण घरांचे नकाशे मात्र स्वयंपाक नोकर करत आहेत असे समजूनच निघत. स्वयंपाकघर मागच्या टोकाला, बंद दाराआड. घरची बाई दिवसाचा निम्मा वेळ तिथे एकटी काढी. राइटने ते उचलून घराच्या मध्यावर आणले. तिथे काम करणाऱ्या बाईला जेवणाचे टेबल हाताशी, मोठी खोली नजरेच्या टप्प्यात आणि खेळणारे मूल दिसते. या स्वयंपाकघराला बाहेरच्या बाजूची भिंत नाही. उजेड वरून येतो. तिथले छत इतरांपेक्षा उंच घेतले आहे आणि उंचावरच्या खिडक्यांतून वास व वाफ बाहेर जाते. आपल्या फोडणीपुढे ही सोय कितपत टिकली असती याची मला शंका आहे. पण जी व्यक्ती घरात सर्वांत जास्त वेळ राबते तिची जागा आधी ठरवावी आणि बाकीचे घर तिच्याभोवती आखावे, हा हिशेब आजही चुकीचा नाही.

जमिनीत दोन फूट बाय चार फुटांच्या चौकटी आखलेल्या आहेत आणि भिंती, दारे, खिडक्या सारे त्या रेषांवर बसते. बाजारात मिळणारे तक्ते ज्या मापाचे, त्याच मापाच्या पटीत घर. त्यामुळे कापाकापी आणि वाया जाणारा माल कमी. लाकडी भिंतींची जाडी तीन इंचांहूनही कमी आहे. मध्ये फळी, दोन्हीकडे कागद आणि वर पुन्हा फळ्या; बाहेरची आणि आतली बाजू एकदमच तयार. घर तापवणाऱ्या वाफेचे नळ त्याने फरशीखाली वाळूत घातले. जपानमध्ये एका कोरियन पद्धतीच्या खोलीत पायाखालून येणारी ऊब त्याने अनुभवली होती, तिची ही अमेरिकन आवृत्ती. हे सारे घर दीड हजार चौरस फुटांच्या आसपास. आपल्या शहरातल्या वाचकाला हे ऐकून हसू येईल, कारण एवढ्यात आपण तीन संसार बसवतो. पण तिकडच्या मापाने ते साधेच घर होते, आणि आपल्याला घ्यायचे आहे ते त्यातले मांडणीचे शहाणपण.

हिशेब आणि हिशेबाबाहेरचे

नोव्हेंबर १९३७ मध्ये जेकब्स कुटुंब राहायला आले. खर्च साडेपाच हजार डॉलर, त्यात राइटचे मानधन साडेचारशे. त्याच सुमारास एका धनिक व्यापाऱ्यासाठी चाललेले धबधब्यावरचे घर शेवटी दीड लाख डॉलरच्या पुढे गेले. दोन्ही घरे एकाच हाताची. पाहायला येणाऱ्यांची इतकी रीघ लागली, की जेकब्स यांनी माणशी पन्नास सेंट आकारायला सुरुवात केली. वास्तुविशारदाचे मानधन त्यातूनच वसूल झाले, असे त्यांनी पुढे सांगितले.

पण बँकवाल्याने आकडा उलटा करून पाहावा लागतो. या घराच्या कितीतरी विटा रसीन येथे चाललेल्या जॉन्सन कंपनीच्या कचेरीच्या कामावरून आल्या. तिथे नापसंत ठरलेल्या विटा राइटने इकडे वळवल्या. नकाशे काढणारे हात फी भरून शिकणाऱ्या मुलांचे होते. म्हणजे साडेपाच हजार हा आकडा खरा, पण पुरा नव्हे. पुढे याच धर्तीची साठएक घरे झाली. त्यांतल्या अनेकांचा खर्च अंदाजाबाहेर गेला आणि घरमालक मेटाकुटीला आले. राइटच्या अंदाजपत्रकावर विसंबू नये, हे त्याच्या अशिलांना एव्हाना समजले होते.

दुसरी अडचण कर्जाची. सपाट छप्पर, बारीक भिंती, तळघर नाही. असे घर पाहून कर्ज देणारे आणि कर्जाची हमी देणारे सरकारी खाते मान हलवत. लॉरेन पोप हे वॉशिंग्टनमधले एक पत्रकार. १९३९ साली त्यांनी राइटला पत्र लिहून व्हर्जिनियात असेच घर मागितले. त्यांना कोणी कर्ज देईना. शेवटी त्यांच्या वृत्तपत्रानेच ५,७०० डॉलर दिले आणि दर आठवड्याला पगारातून १२ डॉलर कापून घेतले. मला त्या नकार देणाऱ्यांचा राग येत नाही. कर्जदार घराकडे राहण्यासाठी पाहतो. बँकेला तेच घर विकावे लागले तर काय, या नजरेने पाहावे लागते. म्हणून चारचौघांसारखे घर बँकेला आवडते आणि एखाद्या कुटुंबाच्या अंगासरशी बेतलेले घर तिला बुचकळ्यात टाकते. पोप यांच्याबाबतीत मात्र ती भीती फोल ठरली. सात हजारांच्या आसपास खर्चून झालेले ते घर १९४६ साली १७ हजारांना विकले गेले. १९६४ मध्ये महामार्गाच्या आड आले तेव्हा ते पाडले नाही. उचलून दुसरीकडे नेऊन जपले.

गळके छप्पर

राइटच्या घरांत राहणे सोपे नव्हते, हेही सांगायला हवे. सपाट छपरे गळत. माळा आणि तळघर गाळल्यामुळे संसारात साचणारे सामान ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरे. आपल्याकडे पाहुण्यांच्या गाद्या, लोणच्याच्या बरण्या, गणपतीची आरास, मुलांची जुनी पुस्तके यांना जागा लागतेच, तिकडेही लागे. बाके, कपाटे, टेबले तो भिंतीतच बसवून देई. त्यामुळे पैसे वाचत, पण खुर्ची इकडची तिकडे करण्याची मुभाही जाई. त्याला घर आपल्या मनासारखे हवे असे आणि राहणाऱ्यांनी आपल्या मनासारखे राहावे अशीही त्याची अपेक्षा असे. जेकब्स यांच्या घराचे छप्परही पुढे खचले आणि १९८० च्या दशकात त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली.

जेकब्स कुटुंबाने ते घर १९४२ मध्ये विकले. घराला कंटाळून नव्हे; त्यांना शेतावर राहायचे होते आणि संसारही वाढला होता. विशेष म्हणजे दुसऱ्या घरासाठीही ते राइटकडेच गेले. या वेळी त्याने अर्धवर्तुळाकार घर आखले. उत्तरेच्या गार वाऱ्याकडे मातीचा भराव आणि दक्षिणेला उंच काच, म्हणजे हिवाळ्यातले उतरते ऊन आत खोलवर येईल. नवराबायकोने स्वतः दगड वाहून त्यातले कितीतरी काम केले आणि १९४८ मध्ये ते तिथे राहायला गेले. गळक्या छपरानंतरही अशील परत येतो, यापरते प्रशस्तिपत्र कोणते?

पण सर्वसामान्य अमेरिकन माणसाला घर दिले ते राइटने नव्हे, लेव्हिट या बांधकाम व्यावसायिक कुटुंबाने. त्यांच्यातल्या आल्फ्रेड लेव्हिट यांनी न्यूयॉर्कजवळ चाललेले राइटचे एक काम बारकाईने पाहिले होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ पासून, त्यांनी हजारो घरे एका साच्यातून काढावीत तशी उभारली. तळघर नाही, फरशीत ऊब देणारे नळ, मापाने कापून आणलेले लाकूड. युक्त्या ओळखीच्याच. पण तिथे प्रत्येक कुटुंबाला एकच नकाशा मिळाला, आणि गोऱ्यांखेरीज इतरांना तर तिथे करारानेच मज्जाव होता. राइटला हवे होते स्वस्त आणि प्रत्येकाला आपले वाटेल असे घर. यातले स्वस्त तेवढे बाजाराने उचलले.

उरलेला प्रश्न

राइट ९ एप्रिल १९५९ रोजी अॅरिझोनात वारला. गुगनहाइम संग्रहालय त्यानंतर सहा महिन्यांनी उघडले. आईच्या माहेरच्या खोऱ्यात त्याला पुरले होते; १९८५ साली, ओल्गिव्हानाच्या इच्छेनुसार, ते अवशेषही उकरून अॅरिझोनात नेले. भारतात त्याची एकही वास्तू नाही. अहमदाबादच्या साराभाईंसाठी कॅलिको मिलच्या दुकानाचा आराखडा त्याने केला होता, तो कागदावरच राहिला. २०१९ साली युनेस्कोने त्याच्या आठ वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत धबधब्यावरचे घर आहे, गुगनहाइम आहे आणि त्यांच्याच पंगतीला मॅडिसनच्या पत्रकाराचे ते साडेपाच हजार डॉलरचे घरही आहे.

या माणसाच्या आयुष्याचा मेळ मला अजून लागत नाही. ज्याने स्वयंपाक करणाऱ्या आईच्या नजरेत मूल राहावे म्हणून भिंती काढल्या, त्याने स्वतःची सहा मुले बेलाशक मागे टाकली. ज्याने दुसऱ्यांच्या खर्चातला एकेक डॉलर कापण्यासाठी डोके शिणवले, त्याने स्वतःचे घर बँकेच्या ताब्यात जाऊ दिले. मोठ्या कामामुळे हे माफ होते असे मी म्हणणार नाही. ओक पार्कला राहिलेल्या कॅथरिनला वाण्याने ते माफ केले नसणार. मात्र त्याच्या दुर्गुणांमुळे त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही.

आजही नवरा-बायको बिल्डरचे रंगीत पत्रक पुढे घेऊन बसतात तेव्हा बोलणे चौरस फुटांचे, मजल्याचे आणि हप्त्याचे होते. ते व्हायलाच हवे. पण त्याआधी एका साध्या दिवसाचा विचार करून पाहावा. सकाळी नळाशी गर्दी कोणाची होते? मुलगी अभ्यासाला कुठे बसते? आजोबांना रात्री उठावे लागते तेव्हा न्हाणीघर किती पावलांवर आहे? ओट्याशी उभे असणाऱ्याला समोर भिंत दिसते की माणसे? वर्षातून चारदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखलेली जागा रोज राहणाऱ्यांच्या किती कामाची आहे? यांची उत्तरे कागदावर मांडली, की काय गाळता येईल ते आपोआप दिसू लागते, आणि जे उरते त्याला पुरेशी जागा मिळते. नकाशाची पहिली रेघ मारण्याआधी हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवायचे आहे. तेवढ्यासाठी कोणत्याही बँकेचे कर्ज लागत नाही.